तालमीतील पहाट



रायपुरात वाढलेल्या मराठी मुलाला ‘तालीम’ हा शब्द एकाहून अधिक वेळा शिकावा लागतो. शेजारच्या हिंदीभाषक घरात तो कानी पडतो तेव्हा त्याचा अर्थ शिक्षण असा असतो. घरी आजोबांच्या तोंडून ऐकू येतो तेव्हा त्याचा अर्थ कुस्तीचा आखाडा असा होतो. आणि गणेशोत्सव जवळ आला की हाच शब्द नाटकाच्या सरावासाठी वापरलेला त्याला आढळतो. शब्द मूळचा अरबी; शिकवणे हा त्याचा अर्थ. तो मराठीत आला आणि येथल्या लोकांनी तो अंगमेहनतीच्या जागेला दिला. त्याच वाटेने आलेला ‘उस्ताद’ मराठीत ‘वस्ताद’ झाला आणि आखाड्याच्या कडेला उभा राहिला. शरीर शिकते तेही शिक्षणच, ही जाण या एका शब्दाच्या प्रवासात मराठी माणसाने नोंदवून ठेवली आहे.

शाळेच्या हीरक महोत्सवात तालमीचा विषय काढण्यास एवढे निमित्त पुरेसे होते. परंतु दुसरेही एक कारण आहे. गेल्या पाऊणशे वर्षांत कोल्हापूरच्या तालमींसमोर जो प्रश्न उभा राहिला, तोच आज महाराष्ट्राबाहेरील प्रत्येक मराठी शाळेसमोर वेगळ्या वेषात उभा आहे. आपल्या मातीत शिकलेले बाहेरच्या जगात चालेल काय? आणि ते चालावे अशी इच्छा असेल, तर माती सोडावी लागेल काय? तालमींनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे, त्यांतील काही चुकीची आणि काही फार मोलाची, या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना व पालकांना विचार करण्याजोगी वाटतील.

रायपूरहून कोल्हापूर दूर आहे. गोंदियाला जाऊन तेथून महाराष्ट्र एक्सप्रेस धरली, तर नागपूर, भुसावळ, मनमाड, पुणे, सातारा, मिरज असे करीत एका दिवसाहून अधिक काळाने गाडी कोल्हापूरला पोहोचते. वाटेत कऱ्हाडचे स्थानक लागते. त्या स्थानकाची गोष्ट पुढे येईल.

कोल्हापूरच्या कुस्तीला वैभव दिले ते राजर्षी शाहू महाराजांनी. १८९४ ते १९२२ या त्यांच्या कारकिर्दीत पेठापेठांतील तालमींना आश्रय मिळाला. उत्तरेकडील नामांकित मल्ल दरबारी आले आणि स्थानिक पोरांना त्यांच्याकडून नवे डाव शिकावयास मिळाले. १९०२ साली महाराज युरोपच्या प्रवासास गेले असता रोम येथील प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिले. त्याची आठवण ठेवून कोल्हापुरात खासबागचे मैदान उभारण्यात आले आणि १९१२ साली ते खुले झाले. मधोमध मातीचा आखाडा आणि सभोवार चढत गेलेली बैठक, अशी त्याची रचना आहे. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकासही कुस्ती स्पष्ट दिसावी हा तिचा हेतू. याच राजाने १९१७ साली आपल्या संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. मैदान बांधणारा आणि शाळा उघडणारा हात एकच होता, हे आजच्या प्रसंगी स्मरणात ठेवण्यासारखे आहे.

मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी ही तालमींची नावे कुस्ती जाणणाऱ्यांना पाठ असतात. काळा इमाम, बाबूजमाल अशीही नावे त्याच शहरात आहेत आणि तेथे कोणास ती वेगळी वाटत नाहीत. अशा एखाद्या तालमीत पहाटे जाणाऱ्या पाहुण्याने पादत्राणे बाहेर ठेवावीत, हा पहिला नियम. दुसरा नियम कोठे लिहिलेला नसतो: बोलू नये.

आत शिरताच प्रथम जाणवतो तो वास. ओलसर माती, तेल, कापूर आणि घाम यांचा तो मिळून झालेला वास असतो. भिंतीवर मारुतीची मूर्ती किंवा तसबीर, शेजारी शाहू महाराजांचे छायाचित्र आणि त्या तालमीतून घडलेल्या जुन्या मल्लांची, गदा खांद्यावर घेतलेली चित्रे. मधोमध हौदा, म्हणजे मातीचा खोलगट आखाडा. शहर अजून झोपलेले असते. येथे मात्र दिवस सुरू होऊन बराच वेळ झालेला असतो.

पाहुण्याची अशी समजूत असते की तेथे गेल्यावर कुस्ती दिसेल. कुस्ती दिसते, पण बरीच उशिरा. आधी दिसते ती मातीची सेवा. दोघे-तिघे पैलवान फावडे घेऊन हौद्याची माती उकरतात, वर-खाली करतात, ढेकळे फोडतात, खडा लागला तर वेचून बाहेर टाकतात. काल दिवसभर अंगांखाली दबून घट्ट झालेली ती माती आज पुन्हा मऊ करावयाची असते. ही तांबडी माती चाळून घेतलेली असते. तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबाचा रस, कापूर, काव असे जिन्नस ठरावीक काळाने मिसळले जातात. माती मऊ राहावी, अंगाला खरचटले तर चिघळू नये, हा त्यामागचा विचार. प्रत्येक तालमीचे प्रमाण निराळे आणि प्रत्येक वस्तादाला आपलेच प्रमाण खरे वाटते.

ही उकरण्याची मेहनत म्हणजे केवळ साफसफाई नव्हे. तिच्यात खांदे, पाठ आणि मनगटे तयार होतात. शिवाय नव्या पोराला एक गोष्ट न सांगता कळते. ज्या जागेवर उभे राहून आपण मोठे होणार, ती जागा आयती मिळत नाही. ती रोज तयार करावी लागते आणि एक दिवस जरी खंड पडला, तरी ती दगडासारखी होते.

त्यानंतर मेहनत. जोर, बैठका, सपाट्या. कोणी दोरावर चढतो, कोणी करेल फिरवतो. बोलणे जवळजवळ नाहीच. श्वासाचा आवाज, तळव्यांचा आवाज आणि मधूनच आकडा मोजणारा एखादा पुटपुटता स्वर. बैठकांची संख्या शेकड्यांनी मोजली जाते. त्यात पाहण्यासारखे काय आहे, असे नवख्या पाहुण्यास वाटू लागते. आणि खरोखरच त्यात प्रेक्षणीय असे काही नसते. मैदानात ज्या एका क्षणी समोरच्या मल्लाची पाठ मातीला लागते, हलगी घुमते आणि हजारो लोक उठून उभे राहतात, तो क्षण अशा शेकडो अप्रेक्षणीय पहाटांनी मिळवलेला असतो. शाळेतील पाढे, शुद्धलेखन आणि नकाशे यांविषयीही हेच म्हणता येईल.

मग लढती सुरू होतात. जोडीदार एकमेकांच्या अंगावर मूठभर माती टाकतात. हात निसटू नये यासाठी ती उपयोगी पडते आणि तो नमस्कारही असतो. शड्डू घुमतो. खडाखडी होते. कोणी पटात शिरू पाहतो, कोणी ढाक लावतो, कोणी घिस्स्यावर समोरच्याला फिरवू पाहतो. वस्ताद कडेला उभे असतात. त्यांचे फुगलेले कान आणि आखूड वाक्ये, दोन्ही त्यांच्या पूर्वायुष्याची साक्ष देतात. “पाय मागं घे.” “मान सोडू नको.” “घाई कुणी सांगितली?” तिन्ही वाक्ये तीन निरनिराळ्या पोरांसाठी असतात आणि ज्याचे त्याला बरोबर कळते. एखादा पोर पडला, तर वस्ताद बहुधा काही बोलत नाहीत. तो तसाच पुन्हा पडला, तर मात्र स्वतः हौद्यात उतरतात, त्याचा पाय धरतात आणि वीतभर सरकवतात. एवढाच धडा. शिकविण्याची याहून जुनी आणि याहून नेमकी रीत दाखविणे कठीण आहे.

लढती संपल्यावर अंगावरची माती घामाबरोबर वाळू लागते. थोरल्यांचे अंग धाकटे रगडतात. कुंडीत बदाम, खसखस, बडीशेप, मिरी घोटून थंडाई तयार होते. गंगावेशच्या दूधकट्ट्यावर समोर पिळलेले म्हशीचे दूध पिण्यास गावकरी व पाहुणे येतात. पैलवानाला मात्र दूध ही चैनीची गोष्ट नसून मेहनतीचाच अर्धा भाग असतो. खुराकाचा खर्च मोठा. तो बहुतेक वेळा शेतकरी बापाच्या खिशातून येतो. दुभत्या म्हशीचे दूध घरच्यांनी न पिता तालमीकडे धाडावे, अशी कुटुंबे त्या मुलखात पुष्कळ आहेत. पोर मैदान मारील की नाही, याची हमी कोणीच देत नाही. मुलास शाळेत घालणाऱ्या आईबापांनाही अशी हमी कोणी दिलेली नसते.

कोल्हापूरच्या तालमीशी जवळचे साम्य असणारी जागा शोधावयाची, तर ती जपानमध्ये सापडते. तेथील सुमो मल्लांची पथके आपापल्या गुरूच्या घरात एकत्र राहतात. सकाळचा सराव उपाशीपोटी होतो. कनिष्ठ मल्ल आधी उतरतात, वरच्या श्रेणीचे नंतर. पाहुण्यांना येथेही चपला बाहेर ठेवून, आवाज न करता, कडेच्या उंचवट्यावर बसावे लागते. कुस्तीचे वर्तुळ मातीचेच. त्याचा व्यास सुमारे साडेचार मीटर आणि कडेला भाताच्या पेंढ्याचे वळ पुरलेले. पाय उंच उचलून जमिनीवर आपटण्याचा व्यायाम ते शेकडो वेळा करतात. झाडलोट, स्वयंपाक आणि थोरल्यांची सेवा धाकट्यांकडे असते. सराव संपल्यावर भाज्या, मासे किंवा मांस घातलेला भलामोठा रस्सा शिजतो. आधी थोरले जेवतात, उरलेले धाकट्यांना. मोतीबागेतील एखाद्या पोरास तेथे नेऊन बसविले, तर भाषा कळली नाही तरी शिस्त कळेल.

फरक आहे तो पुढे. सुमोने आपली माती सोडली नाही, कारण तिला ती सोडण्याची गरज पडली नाही. वर्षाला पंधरा-पंधरा दिवसांच्या सहा मोठ्या स्पर्धा, संपूर्ण देशाचे लक्ष, आणि वरच्या दोन श्रेणींतील सत्तर मल्लांना नियमित वेतन, अशी स्वतःची स्वतंत्र सृष्टी तिने टिकवली. ऑलिंपिकचे दार तिने ठोठावले नाही तरी चालले. मराठी कुस्तीला ती सोय नव्हती. १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झाले, राजाश्रय संपला. मैदानाची इनामे आणि गावजत्रा एवढ्यावर मल्लाचे आयुष्य निभणे कठीण होते. मोठे होण्याची वाट आता बाहेरच्या जगातून जात होती आणि बाहेरच्या जगात कुस्ती गादीवर खेळली जात होती.

मातीवरील कुस्ती आणि गादीवरील कुस्ती यांतील अंतर दिसते त्याहून मोठे आहे. मातीत पाय रुततो, पकड घट्ट बसते, दमास महत्त्व असते. अर्धा-पाऊण तास झुंज चालली तरी चालते, निकाल मात्र पाठ मातीला लागल्यावरच. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि क्षणाक्षणाला गुण. तेथे वेग लागतो, सारखे आक्रमण लागते. बचाव करीत संधीची वाट पाहणाऱ्या मल्लाचे गुण जातात. मातीत वर्षानुवर्षे मिळविलेला संयम गादीवर दोष ठरू शकतो.

हा धडा सर्वप्रथम ज्याने अंगावर झेलला, तो मल्ल कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचा. खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम, दोन्ही त्यांना नवीन. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. मायदेशी सत्कार स्वीकारण्यास एवढे यश पुरेसे झाले असते. खाशाबांनी मात्र त्यातून एक हिशेब काढला: माती आपल्याला येथवर घेऊन आली, पुढचे अंतर आपल्याला शिकून काटावे लागेल. पुढील चार वर्षे त्यांनी त्या शिकण्यात घालवली.

१९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा अडचण होती पैशांची. गावकऱ्यांनी आणि कऱ्हाडच्या दुकानदारांनी पदरमोड केली, तरी रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये आपल्या विद्यार्थ्याच्या हाती दिले. एका शिक्षकाने आपले घर गहाण ठेवले, ते परीक्षेच्या निकालासाठी नव्हे, तर जेथे हरण्याचीच शक्यता अधिक अशा एका कुस्तीसाठी.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी येथील मल्लांना हरविले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेली झुंज ते हरले. इशी यांनी त्या गटाचे सुवर्णपदक जिंकले आणि त्या ऑलिंपिकमधील जपानचे ते एकमेव सुवर्णपदक ठरले. मूळचे ज्यूदोपटू असलेले इशी कुस्तीकडे वळले होते, म्हणजे तेही एका घरच्या विद्येतून जगाच्या गादीवर आलेले. लगेच पुढची झुंज सोव्हिएत मल्लाशी. मध्ये मिळावयाची विश्रांती मिळाली नाही आणि त्याविषयी बोलावयास भारताचा कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. बँटमवेट गटातील कांस्यपदक खाशाबांना मिळाले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने मिळविलेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे थांबावे लागले.

आता कऱ्हाडचे ते स्थानक. पदक घेऊन खाशाबा तेथे उतरले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक त्यांना गोळेश्वरला घेऊन गेली. मिरवणूक संपल्यावर त्यांनी काय केले, ही गोष्ट कमी सांगितली जाते. त्यांनी कुस्त्यांचे मैदान भरवले, त्यातून पैसा उभा केला आणि प्राचार्यांचे घर सोडवून दिले. पुढे १९५५ पासून त्यांनी पोलीस खात्यात नोकरी केली. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर.

खाशाबांनी दाखविलेल्या वाटेने त्यांच्या पाठोपाठ अनेक जण गेले. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत गणपतराव आंदळकर आणि मारुती माने यांनी सुवर्णपदके आणली. १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दादू चौगुले यांनी रौप्यपदक मिळविले. सर्व मातीत वाढलेले. परंतु एकंदर तालमींविषयी असे म्हणता येणार नाही. गादी घालण्यास पुष्कळ तालमींनी फार वेळ लावला. पैसा नव्हता, हे एक कारण. आणि गादी म्हणजे परक्याचा खेळ, तिच्यामुळे आपली कुस्ती बाटेल, ही समजूत हे दुसरे. दरम्यान हरियाणा आणि दिल्लीच्या आखाड्यांनी गादी अंथरली, लहान वयात पोरांना तिच्यावर उतरवले आणि पुढच्या काळात देशासाठी आलेली कुस्तीची ऑलिंपिक पदके तिकडे गेली. ज्या प्रांताने पहिले पदक दिले, तो प्रांत मागे पडला. हे कटू आहे, पण खरे आहे.

मग माती टाकून द्यावी काय? याचेही उत्तर कुस्तीनेच दिले आहे. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे हे पुण्यात हिंदकेसरी हरिश्चंद्र बिराजदार यांच्या तालमीत घडले. बिराजदार मातीतले दिग्गज. त्यांच्या शिष्याने २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक जिंकले, अर्थात गादीवर. मातीत कमावलेला दम, मान आणि पकड तशीच राहिली. तिच्यावर गादीचा वेग चढवला गेला. आज महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभाग आणि गादी विभाग असे दोन विभाग असतात आणि दोहोंचे विजेते मानाच्या गदेसाठी एकमेकांसमोर उभे राहतात. वाद नेहमीच होतात. परंतु एकाला घर आणि दुसऱ्याला परके म्हणण्याचे दिवस सरले आहेत.

तालमीची स्तुती करताना तिच्यातील उणिवांवर पांघरूण घालणे उचित नव्हे. स्त्रियांना तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या प्रवेश नव्हता. ती भिंत अलीकडे पडू लागली आहे. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली. दुसरी उणीव शिस्तीच्या पोटातच असते. जपानमध्ये २००७ साली सतरा वर्षांच्या एका सुमो शिष्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि त्याच्या गुरूला तुरुंगात जावे लागले. वस्तादाचा हात पोराचा पाय वीतभर सरकविण्यासाठी असतो. तो मारण्यासाठी उठला की परंपरा कितीही जुनी असो, ती विद्या राहत नाही. शाळेलाही हे लागू आहे आणि शहाण्या शाळांनी छडी केव्हाच खाली ठेवली आहे.

आता रायपूरकडे यावे. या शहरात मराठी माणूस नवा नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून तो छत्तीसगढात आहे. येथील जुन्या वस्त्यांनाही आखाडे ठाऊक आहेत आणि नागपंचमीची कुस्ती छत्तीसगढी माणसास कोणी समजावून सांगावी लागत नाही. परंतु मातीतून गादीवर जाण्याचे येथील सर्वांत मोठे उदाहरण आखाड्यातले नाही. ते अक्षरांतले आहे. पंडित माधवराव सप्रे मराठीभाषक होते. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेले. आज हिंदी साहित्याचा इतिहास त्यांचे नाव आदराने घेतो आणि रायपुरातील एक शाळा त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी मराठी टाकून हिंदी घेतली काय? मुळीच नाही. मराठी ज्याच्या हाडीमाशी मुरली होती, त्यालाच दासबोध दुसऱ्या भाषेत नेता आला. माती पक्की होती म्हणून ते गादीवर तोलाने उभे राहू शकले.

या शाळेत येणारे मूल घरी मराठी, गल्लीत छत्तीसगढी, बाजारात हिंदी ऐकते आणि मोठेपणी त्याला इंग्रजीत काम करावे लागते. पालकांच्या मनातील धाकधूक खरी आहे. तिला भावनेच्या भरात उडवून लावू नये. तालमींनी जी चूक केली तीच शाळेनेही करावी, असा आग्रह कोणी धरू नये. मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी आणि हिंदी उत्तम शिकवल्या गेल्या पाहिजेत. सक्तीचा पाहुणा म्हणून नव्हे, तर मनापासून, चांगल्या शिक्षकांकडून आणि लहान वयात. ती या शाळेची गादी आहे. ती अंथरल्याने मराठी बाटत नाही. मात्र गादी अंथरण्यासाठी हौदा बुजविणे, ही दुसऱ्या टोकाची चूक होय. ज्या भाषेत मूल पहिल्यांदा ‘का’ असे विचारते, त्या भाषेत त्याला विचार करावयास शिकविले, तर पुढच्या सर्व भाषांत त्याला दम पुरतो.

आणि माती आपोआप मऊ राहत नाही. घरात मराठी बोलली गेली नाही, वाचली गेली नाही, तर शाळेतील पाच-सहा तास पुरणार नाहीत. ती रोज उकरावी लागते, खडे वेचावे लागतात. आणि ते काम वस्तादाचे एकट्याचे नसून तालमीतल्या प्रत्येकाचे असते.

साठ वर्षांच्या वाटचालीचा हा सोहळा म्हणजे एका अर्थी कऱ्हाडच्या स्थानकावरील बैलगाड्या होत. त्या असाव्यात, गावाने आपल्या माणसाचे कौतुक करावे, यात वावगे काही नाही. परंतु बैलगाड्या पदक आल्यानंतर जुंपल्या जातात. घर गहाण पडते ते पदकाच्या आधी, जेव्हा काहीच निश्चित नसते. माजी विद्यार्थ्यांनी स्वतःस विचारावयाचा प्रश्न एवढाच की, आपला वाटा कोणत्या वेळी द्यावयाचा. एखाद्या गरजू मुलाची फी, ग्रंथालयातील एक कपाट, इंग्रजीच्या चांगल्या शिक्षकाचे वेतन, किंवा आठवड्यातून एक तास वर्गात येऊन बसणे. यांपैकी काहीही घर गहाण ठेवण्याइतके अवघड नाही. आणि ज्यांना शाळेने काही दिले, त्यांनी मिरवणुकीनंतर खाशाबांप्रमाणे ते ऋण फेडावे, हेही तितकेच उचित.

कोल्हापुरात उद्या पहाटे, खासबागेत काल कोण जिंकले याची चर्चा शहरात चालू असतानाच, कोणी तरी पोर फावडे घेऊन हौद्यात उतरेल आणि दबलेली माती पुन्हा उकरू लागेल. रायपुरात उद्या सकाळी या शाळेची घंटा होईल. महोत्सवाचा मांडव तोवर उतरलेला असेल. काम मात्र तेथूनच पुढे सुरू व्हावयाचे आहे.